‘छान’ हा काही रंग नाही

आमच्या दुकानात साडी कानाला लावून बघणारं एकच गिऱ्हाईक होतं. बाकीच्या बायका साडी उजेडात धरत, खांद्यावर टाकून आरशात बघत, नाहीतर सोबत आणलेल्या नणंदेच्या तोंडाकडे बघत. टेलिफोनवाल्या अक्का पदराचं टोक चिमटीत धरून कानाजवळ नेत, अंगठ्याने हलकेच चोळत आणि मान किंचित तिरकी करून ऐकत बसत. त्या ऐकत असताना दुकानात कुणी बोलायचं नाही, असा माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, दंडक होता. आबा पंखासुद्धा बंद करायला लावत. जळगावात एप्रिल महिन्यात पंखा बंद करणं म्हणजे गिऱ्हाइकाला हाकलून देण्यासारखंच. पण बाकीच्या बायका पदराने वारा घेत गुपचूप बसून राहायच्या आणि अक्का आपल्या सावकाशीने साडीचं म्हणणं ऐकून घ्यायच्या.

अक्कांना दिसत नव्हतं. यावलकडच्या एका खेड्यात केळीच्या बागांत त्यांचं बालपण गेलं. शाळेत जाऊ लागल्या आणि कसलासा ताप आला. ताप गेला तो डोळे घेऊनच गेला. पुढे अंधशाळेत शिकल्या आणि भुसावळला रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. राहायला जळगावात, नोकरी भुसावळला, रोज पॅसेंजरने येणं-जाणं. लग्न केलं नाही. त्याबद्दल विचारलं की सांगायच्या, "स्थळं आली होती. पण एकाचाही आवाज मला आवडला नाही." यात खरं किती आणि ऐट किती, हे तपासायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचे स्वतःचे आवाज मात्र दोन होते. एक एक्स्चेंजचा. स्वच्छ, गोल, प्रत्येक अक्षर सुटं. त्या आवाजात त्या बोलू लागल्या की समोरच्याला वाटायचं, आपला दिल्लीला फोन लागतोय. दुसरा गावचा. त्यात ‘मले’, ‘तुले’ यायचं, केळीची ‘केयी’ व्हायची आणि डोळ्यांचे ‘डोये’. राग आला किंवा माया दाटली की अक्का गावच्या आवाजात शिरत. त्यामुळे त्या शुद्ध बोलत असल्या की आम्ही बिनघोर असायचो, आणि पहिलं ‘मले’ ऐकू आलं की आबा चहा मागवायचे.

त्यांचा एकाच शब्दावर राग होता. दुकानात नवा लागलेला एखादा सेल्समन सवयीने म्हणायचा, "घ्या अक्का, छान कलर आहे." मग संपलंच.

"‘छान’ हा काही रंग नाही. रंग सांग."

"गुलाबी."

"कोणता गुलाबी?"

तो बिचारा साडीकडे बघायचा, आबांकडे बघायचा आणि म्हणायचा, "म्हणजे... छानपैकी गुलाबी." आबा कपाळाला हात लावायचे.

मला एकदा त्यांनी या रागाचं कारण सांगितलं होतं. म्हणाल्या, "आंधळ्या माणसाला छान म्हटलं की आपलं काम झालं, असं लोकांना वाटतं. मला सगळं छानच सांगतात रे. भाजी छान, घर छान, साडी छान. मग मी निवडू काय?" त्या दिवशी आवाज एक्स्चेंजचाच होता, पण हातातली साडीची घडी त्यांनी उगाचच दोनदा नीट केली.

रंग त्यांना ठाऊक होते, कारण ताप येण्याआधी त्यांनी ते पाहिले होते. "माझ्याकडे रंग थोडे आहेत, पण पक्के आहेत. धुतल्याने जात नाहीत," असं त्या अभिमानाने सांगत. केळीच्या कोवळ्या पानाचा पोपटी, केळफुलाच्या वरच्या सालीचा जांभळट लाल, आमच्याकडच्या भरताच्या हिरव्या वांग्याचा, पाटाच्या गढूळ पाण्याचा. कपाशीच्या फुलाचे दोन. ते उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. आबांनी ही सगळी भाषा शिकून घेतली. पुढे साड्यांत पीच, टील असले रंग यायला लागले तेव्हा आबांच्या नाकी नऊ आले. जेवताना घास हातात धरून मला विचारायचे, "हा टील म्हणजे नेमकं काय रे?" तीन-चार जेवणं त्यात गेली. मग एक दिवस त्यांनी अक्कांना सांगितलं, "मोराच्या मानेचा, पण आभाळ भरलेलं असताना." अक्कांनी मान डोलावली आणि ती साडी घेतली. त्या दिवशी आबा फार खुशीत होते.

अक्कांचा कान कधी चुकत नसे असं मात्र समजू नका. एकदा त्यांनी एक साडी ऐकली आणि शुद्ध सुती म्हणून जाहीर केली. आबा म्हणाले, अक्का, यात भेसळ आहे, मी व्यापारी असून सांगतो. अक्का म्हणाल्या, आबा, तुमचं वय झालं, कान तपासून घ्या. साडी घेऊन गेल्या. ती साडी पुढे कितीही धुतली तरी चुरगळली नाही, वाळायला तर वेळच लागत नसे. आबांनी मोठ्या आशेने त्याबद्दल विचारलं, तर अक्का शांतपणे म्हणाल्या, "शकूचं धुणं चांगलं असतं." चूक कबूल करण्याचं खातं त्यांनी उघडलेलंच नव्हतं.

शकू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, शकुंतला. धुळ्याला दिलेली. या दोघीच बहिणी, भाऊ नाही. आणि अक्का आमच्या दुकानात दरवर्षी न चुकता येत, त्या या शकूताईंसाठी.

खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासरी गेलेल्या लेकी अक्षय तृतीयेच्या या सणाला माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या खातात आणि जाताना माहेरची साडी घेऊन जातात. गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागरही याच दिवशी भरतात. अक्कांचे वडील आधीच वारले होते. पुढे आई गेली, तेव्हा भेटायला आलेल्या बायका पडवीत बसून हळहळल्या की शकूचं माहेर संपलं. अक्का आतल्या खोलीत होत्या. एक्स्चेंजमधल्या बाईचे कान ते. पुढच्या आखाजीला त्या दुकानात आल्या आणि आबांना म्हणाल्या, "माहेरची साडी दाखवा. लेकीसाठी पाहिजे." बहिणीला त्या लेक म्हणाल्या, हे आबांनी ऐकलं. गादीवर नवी चादर टाकायला सांगितली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. लेकीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भाऊ जातो. इथे भाऊ नव्हता, म्हणून अक्का पांढरी काठी घेऊन एसटीने स्वतः धुळ्याला जायच्या आणि शकूताईंना घेऊन यायच्या. साडी आधीच कपाटात ठेवलेली असे. शकूताईंना ती कुठली, कसली, याचा पत्ता लागू द्यायचा नाही, दुकानात तर त्यांना आणायचंच नाही. आणि साडी अक्कांनीच निवडायची. आबा अनेकदा म्हणत, अक्का, मी चांगली काढून ठेवतो, तुम्ही कशाला उन्हात येता. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "दाखवायचं काम तुमचं, घ्यायचं माझं."

आबा गेले आणि गादीवर मी बसलो. अक्का निवृत्त झाल्या. साडीचा रिवाज चालू होता. मग एके दिवशी अक्का न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायांनी पहिल्यासारखं ऐकलं नाही. एकटीने राहणं शक्य नव्हतं. शकूताई आल्या आणि त्यांना धुळ्याला घेऊन जायचं ठरलं.

निघायच्या दिवशी अक्कांची रिक्षा दुकानासमोर थांबली. त्यांना उतरता येत नव्हतं, म्हणून मीच बाहेर गेलो. शकूताईंना त्यांनी मुद्दाम समोरच्या दुकानात औषधाला पाठवलं होतं. माझा हात धरून म्हणाल्या, "शकू चांगली आहे, जावईबापूही चांगले आहेत. पण सुनील, आतापर्यंत ती माझ्याकडे यायची, आता मी तिच्याकडे चालले, ती कायमची. आखाजीची साडी दिली तर मी तिचं माहेर. नाहीतर तिच्या घरातली अडगळ." मी म्हणालो, अक्का, असं बोलू नका, साडी मी पाठवत जाईन. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "मले दुसऱ्याच्या डोयानं घ्यायची नही."

आता अडचण बघा. साडी शकूताईंपासून लपवायची आणि राहायचं शकूताईंच्याच घरात. बाजारात जायला शकूताईंचाच हात धरायचा. घरातल्या कुणाला सांगावं तर ते शकूताईंना सांगणार, कारण त्या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही. मी अगदी ऐटीत म्हणालो, "अक्का, काळजी सोडा. आपलं दुकान आता ऑनलाइन झालंय. तुमचा फोन बोलतो ना? मग दुकान तुमच्या हातात आलं." अक्कांचा चेहरा असा उजळला की मला आबा नसल्याचं वाईट वाटलं.

अक्कांचा फोन बोलायचा हे खरं होतं. पडद्यावरून बोट फिरवलं की जे असेल ते तो वाचून दाखवायचा. फक्त त्यांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की आपल्याला नुसती तडतड ऐकू यायची, ताटात मोहरी सांडल्यासारखी. "हळू बोलणाऱ्या माणसांत माझं आयुष्य गेलं," असं त्या म्हणायच्या.

आठवड्याने धुळ्याहून, शकूताईंच्या घरच्या फोनवरून, अक्कांचा फोन आला. एक्स्चेंजचा आवाज. "तुमचं दुकान उघडलं. शटर वर गेलं. आत माणूस नाही." मी म्हणालो, असं कसं, दीडशे साड्या लावल्यात. त्यांनी आपल्या बोलक्या फोनचा वेग माझ्यासाठी कमी केला आणि तो घरच्या फोनच्या रिसीव्हरजवळ धरला. मी माझंच दुकान ऐकलं. "चित्र. चित्र. बटन. बटन. चित्र. बटन." एवढंच. दीडशे साड्यांचं एवढंच. मधूनच एखाद्या साडीचं नाव यायचं, ते म्हणजे फोटो काढणाऱ्याने दिलेले आकडे. 

वेबसाइट बनवणारा मयूर आमच्या गल्लीतलाच, हुशार मुलगा. त्याला बोलावलं. तो म्हणाला, सोपं आहे भाऊ, प्रत्येक फोटोमागे चार शब्द लिहायचे, फोन ते वाचतो. दुसऱ्या दिवशी त्याने काम संपवलं. संध्याकाळी धुळ्याहून फोन. अक्कांनी नुसता आपला बोलका फोन रिसीव्हरजवळ धरला. "छान साडी. सुंदर साडी. छान साडी. आकर्षक साडी. छान साडी." मी मयूरकडे बघितलं. तो म्हणाला, का, काय झालं? आता त्याला काय सांगणार?

त्यानंतर तीन महिने अक्कांनी आम्हा दोघांना पार भंडावून सोडलं. दुपारी शकूताई झोपल्या की अक्कांचा फोन यायचा, दबक्या आवाजात. रंग निवडायचे तर तिथे नुसते रंगीत ठिपके होते. फोन म्हणायचा, ठिपका, ठिपका. मयूरने ठिपक्यांना नावं दिली. मग सवलतीची पाटी अचानक पडद्यावर यायची आणि अक्कांचा हात धरून त्यांना भलतीकडेच घेऊन जायची. ती बंद करायची खूण त्यांना सापडायचीच नाही. "भीक नको पण कुत्रं आवर," अक्का म्हणाल्या. "तुझी सूट नको, ती पाटी काढ." पैसे भरायच्या पानावर ठरावीक वेळ होती. फोन वाचून दाखवेपर्यंत वेळ संपायची, पान पुसलं जायचं आणि सगळं पहिल्यापासून. एकदा तर खूप दूरवर पोचल्या आणि तिथे चित्रं आली. यातले सिग्नल ओळखा आणि तुम्ही माणूस आहात हे दाखवा, म्हणून.

"सुनील," त्या दिवशी अक्का म्हणाल्या, "तुझं दुकान मले मानूस आहे का विचारून राह्यलं. याले काय सांगू?"

मला हसू आलं, पण लगेच आबा आठवले. गादीवर आबा असते तर अक्कांना असं कुणी विचारलं असतं का? मी मयूरला म्हटलं, ते आजच काढ. तो म्हणाला, चोर शिरतील. मी म्हटलं, मग चोरांसाठी दुसरं काहीतरी शोध, गिऱ्हाइकाला दारात उभं करून असलं विचारायचं नाही. त्याने शोधलं. खरं सांगायचं तर मयूर मनापासून लागला होता. एके दुपारी त्याने फोनचा पडदा काळा केला आणि आमच्याच दुकानातून नुसतं ऐकून साडी घ्यायला बसला. तासाभराने घाम पुसत म्हणाला, झालं. बघतो तर त्याने लहान मुलीचा परकर-पोलका मागवला होता. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की शकूताईंची झोपमोड झाली आणि फोन घाईने ठेवावा लागला.

साड्यांचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहायला बसलो आणि कळलं की आबांची सगळी बोलणी माझ्या कानात जशीच्या तशी आहेत. केळफुलाचा रंग, काठ बोटभर, हाताला खरखरीत. भरताच्या वांग्याचा हिरवा, पदर जड, अंगावर चापून बसते. मुठीत धरून सोडली तर चुरगळते. एकेक साडी मी डोळे मिटून हातात घ्यायचो आणि मग लिहायचो. दुकानातले लोक मागे हसायचे. पण हातात न घेता साडी घ्यायची म्हणजे अक्कांना ते पुरेसं वाटेना. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "साडी फोनजवळ धर आणि चोळ." मी चोळली. त्या ऐकत राहिल्या. "आता दुसरी." त्या दिवशी मी दुपारभर साड्या चोळत बसलो. मयूरला ती कल्पना इतकी आवडली की त्याने प्रत्येक साडीखाली ‘ऐका’ असं एक बटन टाकलं. ते दाबलं की कापडाचा आवाज येतो. आम्हाला वाटलं होतं, अक्कांशिवाय ते कोण दाबणार. पण डोळस बायकाही दाबतात. धरणगावच्या एका बाईंचे हात कापतात, त्यांना अक्कांच्या बोटाला सापडावीत म्हणून मोठी केलेली बटनं बरी पडली, असं त्यांनी आवर्जून कळवलं. बटनांबरोबर अक्षरंही मोठी झाली आणि माझ्या काकूंना चष्म्याशिवाय दुकान वाचता येऊ लागलं. पण हे पुढचं झालं. तेव्हा आमच्यापुढे एकच गिऱ्हाईक होतं आणि आखाजी जवळ येत होती.

आखाजीला चार-पाच दिवस उरले आणि अक्कांचे फोन बंद झाले. मला चैन पडेना. मीच करावा तर शकूताई फोन घेतील ही भीती. आणि एका दुपारी दुकानात बसलो असताना माझा फोन वाजला. धुळ्याहून ऑर्डर. सगळं नीट भरलेलं, पैसेही भरलेले, कुणाची मदत नाही. भेट पाठवायची असेल तर कुणाकडून ते लिहायला मयूरने एक जागा ठेवली होती. तिथे अक्कांनी स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, माहेर.

साडी कपाशीच्या दुसऱ्या दिवसाच्या फुलाची होती, गुलाबी. अक्कांचे डोळे गेले तेव्हा शकूताई रांगत होत्या. आईने जुन्या लुगड्याचं एक झबलं शिवलं होतं, त्याचा हा रंग. "माझ्या डोळ्यांत शकू अजून झबल्यातच आहे," असं अक्का मला पूर्वी कधीतरी म्हणाल्या होत्या. ती साडी मी माझ्या हाताने बांधली. तिची घडी घालताना माझे डोळे भरून आले, आणि दुकानात गर्दी होती तरी मी ते लपवले नाहीत.

पुढचं शकूताईंनीच मला सांगितलं. कुरिअरवाला दारात आला आणि घाईत सही मागू लागला. आतून अक्कांनी हाक मारली की त्याला गूळपाणी दिल्याशिवाय सोडू नको, तो मुराळी आहे. त्याला काही उमगलं नाही, पण ऊन होतं, तो पाणी पिऊन गेला. शकूताईंनी पुडकं उघडलं, वरचा शब्द वाचला, आणि मग त्यांनी मला फोन केला. आधी खडसावून विचारलं की साडी तुम्ही निवडली का. मी म्हणालो, ताई, मला ऑर्डर आल्यावरच कळलं.  इतकी वर्षं धुळ्यात राहून त्यांची बोली पक्की अहिराणी झालेली. त्या बोलीत म्हणाल्या, "मन्हा घरमा बशीसन माले माहेर धाडस, भाऊ." माझ्याच घरात बसून मला माहेर पाठवते. त्यानंतर त्या रडल्या की हसल्या ते मला फोनवर नीट कळलं नाही. अक्कांना कळलं असतं.

त्यानंतरच्या सगळ्या आखाज्यांना असंच झालं. दरवर्षी ऑर्डर यायची, दरवर्षी कुरिअरवाल्याला गूळपाणी मिळायचं आणि दरवर्षी शकूताई आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं असं दाखवायच्या. एरवीही अक्का दुकानात रोज एक चक्कर मारत, म्हणजे फोनवर. काही चुकलं की लगेच कळवत. नव्या फोटोमागे शब्द नाहीत, तुझी माणसं झोपली का? एका साडीला कुणीतरी ‘छान’ लिहिलंय, कोण तो? आमच्याकडे नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, की इथे छान लिहायचं नाही. त्याला वाटतं, शेठ चक्रम आहे.

या थंडीत अक्का गेल्या. फार दुखणं झालं नाही. मी धुळ्याला जाऊन आलो. खोलीत त्यांची खाट होती, भिंतीला टेकवलेली पांढरी काठी होती आणि उशाशी फोन. शकूताई खाटेजवळ बसून होत्या.  परत येताना पारोळ्याच्या आसपास बाहेर बघितलं तर शेतात वेचणी संपलेली कपाशी वाळून उभी होती. फूल कुठेच नव्हतं.

मग आखाजी आली. दरवर्षीसारखी माझी नजर फोनकडे जात होती आणि मी ती परत आणत होतो. शकूताईंना आपणच एक साडी पाठवावी असं फार वाटलं. पण ती मी माझ्या डोळ्यांनी निवडली असती, आणि अक्कांना ते चाललं नसतं. म्हणून पाठवली नाही.

सणाच्या दोन दिवस आधी, दुपारी, दुकानात ऐन गर्दी असताना धुळ्याहून फोन आला. नंबर अक्कांचा. क्षणभर मला घेववेना. पलीकडे शकूताई होत्या. म्हणाल्या, अक्काच्या नावाने घागर भरायची आहे, आणि जिने शेवटपर्यंत अक्काचं सगळं केलं त्या बाईला अक्काच्या नावाने साडी द्यायची आहे. अक्काच्याच फोनवरून घ्यायला बसले होते, पण तो इतक्या जोरात धावतो की एक अक्षर कळत नाही. मी म्हणालो, ताई, वेग कमी करता येतो, मी सांगतो कसा ते.

"कमी करता येस, ठाऊक शे माले," त्या म्हणाल्या. "पन मन व्हत नही, भाऊ. हाऊ अक्काना वेग शे."

तो वेग अक्कांचा होता, म्हणून तो कमी करायला त्यांचं मन होत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगा, चांगली कुठली आहे. मागच्या कपाटातून मी एक साडी काढली. त्यांना बरं वाटावं म्हणून तोंडात ‘छान’ आलंच होतं, ते गिळलं. सांगितलं, कपाशीच्या पहिल्या दिवसाच्या फुलाचा रंग आहे, पिवळा, काठ बारीक, हाताला मऊ. दुकानात पंख्याचा आवाज फार होता. मी पंखा बंद करायला सांगितला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, मग पदराने वारा घेत बसून राहिल्या. मी पदराचं टोक फोनजवळ धरलं आणि अंगठ्याने चोळलं.

पलीकडे शकूताई ऐकत होत्या. 

"आजून एक डाव चोया, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा चोळलं. पंखा लावा, असं दुकानात कुणी म्हणालं नाही.